एका बटेचे दोन अहवाल

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मानेजवळून तीन सेंटिमीटर कापले, तर हातात तीन महिने येतात.

वहिनी मला एरवी नावानं हाक मारते. टोमणा मारायचा असेल तेव्हाच ‘वन्सं’ म्हणते.

मंगळवारी बरणीचं झाकण उघडलं नाही. बुधवारी उघडलं. गुरुवारी बरणी फुटली.

प्रश्न १४ : तुमच्या दातांत चांदीसारखं दिसणारं काही भरलेलं आहे का? असल्यास किती दातांत?

कापलेल्या केसाचं मूळ कुठलं आणि टोक कुठलं, ते डोळ्यांना कळत नाही. केस अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांबीच्या दिशेनं पुढे-मागे चोळायची. केस आपसूक एका बाजूला सरकायला लागतो. ज्या बाजूला सरकतो ते मूळ.

“सगळं नॉर्मल आहे.” हे वाक्य मी नऊ वर्षांत अकरा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. एकानं तर ते म्हणून माझं अभिनंदन केल्यासारखा हात पुढे केला. मी हात मिळवला. त्यानं दाबला. डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाला, “टेन्शन घेऊ नका.”

*

मी विग विणते. जाळीच्या टोपीत बारीक आकडीनं एकेक केस ओवायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. एका विगला तीस हजार गाठी. आमचा कारखाना टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. खालून रबराचा वास येतो, वरून आम्ही केस उडवतो. आठ बायका आहोत. मला ‘चिमटी’ म्हणतात, कारण मी चिमटीत एका वेळी बरोब्बर एकच केस धरते, न बघता. सगळ्यांत जुनी आहे ती थोरली. धाकटी कुणी नाही. ती आली त्या दिवसापासून थोरलीच आहे म्हणे.

नऊ वर्षांपासून माझे सांधे धरतात. बोटं, मनगटं, घोटे. तळपाय जळतात. संध्याकाळी बारीक ताप. काही दिवस नुसतं उठून बसायचं म्हणजे कुणीतरी अंगावर ओली गादी टाकल्यासारखं. चार वर्षांपूर्वी सांध्यांच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या आणि त्यांनी त्याला नाव दिलं. लांबलचक नाव आहे. गंमत अशी की हा आजार रक्तात दिसत नाही, हे त्या नावातच लिहिलेलं आहे. मी घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं. वहिनी म्हणाली, “रक्तात नाही तर आहे कशात, हवेत?”

दादा हसला नाही. पण तिला गप्पही केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक गोळी दिली. तिनं आजार गेला नाही, पण बोटं परत आली. सगळी नाहीत, आठ. विणायला तीन लागतात. गोळीनं केस जरा विरळ झाले, तेव्हा वहिनी म्हणाली, “विगवालीलाच विग लागणार बहुतेक, वन्सं.”

मुद्दा एवढाच : गोळी आहे तोवर बोटं आहेत, बोटं आहेत तोवर काम आहे, आणि काम आहे तोवर मी दादाच्या घरात राहते पण दादाच्या जिवावर नाही.

*

केसांच्या तपासणीचं दादानं शोधून काढलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी बायकोची बारा वर्षांची डोकेदुखी म्हणे केसांतून पकडली. शिसं, पारा, आर्सेनिक, जे काही शरीरात साठलेलं असेल ते केस सांगतो. रक्त लपवतं, केस लपवत नाही. हे दादा जेवताना सांगत होता आणि त्याचे डोळे चमकत होते. मी मान हलवली. मला डोकं चालवायचंच नव्हतं. मला हवं होतं.

लिफाफा आला. आत एक चमचाभर केस मावतील एवढी पुडी, आणि चाळीस प्रश्नांचा फॉर्म.

प्रश्न ९ : थकवा कधीपासून आहे? उत्तर : हा फॉर्म भरायच्या आधीपासून.
प्रश्न २२ : तुम्ही केसांना रंग लावता का? उत्तर : नाही. इतरांच्या लावते.
प्रश्न ३१ : तुमचा आजार मानसिक आहे असं तुम्हाला कधी सांगण्यात आलं आहे का? उत्तरासाठी एकच ओळ होती. मी समासातही लिहिलं.

केस मीच कापले, कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत. मानेजवळून, चार जागांहून, मुळापासून. सूचना नीट वाचल्या होत्या. स्वच्छ कात्री, हात धुतलेले. मग जे करायचं ते सगळं करून पुडी बंद केली.

दहा दिवसांनी अहवाल आला. सोळा धातू, सोळा पट्ट्या. पंधरा हिरव्या-पिवळ्या. शिशाची लाल, आणि चौकट ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

दादा तो कागद हातात धरून दारातच उभा राहिला. “अगं, हे बघ,” म्हणाला, “तू खोटं बोलत नव्हतीस.”

हे वाक्य त्यानं प्रेमानं म्हटलं होतं. मला ते कळायला बरेच दिवस लागले.

*

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत :

वहिनीनं रोज सकाळी माझ्या उशाशी चहा आणून ठेवला.
शेजारच्या काकू, ज्या मला “हिंडतफिरत राहा म्हणजे बरं वाटेल” असं सांगायच्या, त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.
दादानं घरातले नळ तपासून घेतले, जुनी भांडी बाहेर काढली, खिडकीचा जुना रंग खरवडला.
वहिनी फोनवर तिच्या आईला म्हणाली, “नाही गं, नाटक नव्हतं ते. शिसं आहे. रिपोर्टच आलाय.”
मला कुणीही ‘वन्सं’ म्हटलं नाही.

दुखणं तेच होतं, कण कमी नाही, कण जास्त नाही. पण आता त्याला बसायला पाट मिळाला होता.

*

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं, एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. आतला माणूस स्वतःला सल्लागार म्हणवायचा. डॉक्टर नव्हता. पांढरा कोट होता, कोटाला खिसा होता, खिशात दोन पेनं होती. दादा त्याला ‘सर’ म्हणत होता, म्हणून मीही म्हटलं.

“शरीर म्हणजे काय आहे ताई,” सर म्हणाले, “घरातली टाकी. तळाशी गाळ साचला की वरून कितीही चांगलं पाणी सोडा.” त्यांनी गाळ काढायचा कार्यक्रम आखून दिला : सहा महिने, दर सोमवारी हातातून एक सलाईन, रोज नऊ कॅप्सूल. “आणि ती आठवड्याची गोळी बंद. ती यकृतावर ओझं टाकते. गाळ बाहेर पडायचा तर यकृत मोकळं हवं.”

“पण गोळीनं माझी बोटं...”

“गोळी लक्षण दाबते. आपल्याला मुळाशी जायचंय.”

केसाचं मूळ मला अंधारातही सापडतं. पण त्या दिवशी मी ‘बरं’ म्हटलं. गोळी बंद केली. कॅप्सूल सुरू केल्या. सलाईनला सहा आठवड्यांनंतरचा सोमवार मिळाला, कारण आधीचे सगळे भरलेले होते. इतके लोक. जिन्यात रांग होती, आणि प्रत्येकाच्या हातात तोच रंगीत कागद, छातीशी धरलेला. मला त्यांच्यावर हसता आलं नाही. अजूनही येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात उजवं मधलं बोट वाकेनासं झालं. चौथ्यात आकडी हातातून पडायला लागली. सर फोनवर म्हणाले, गाळ ढवळला जातोय, चांगलं लक्षण आहे.

*

आता ती चूक.

शुक्रवार होता. थोरली खिळ्यांची फळी साफ करत होती. ही फळी म्हणजे आमच्या कारखान्याचं दैवत : जाड लाकूड, त्यात वर टोकं करून ठोकलेले दीडशे खिळे. कापलेला केस आला की पहिलं काम, जुडी धरून या खिळ्यांमधून ओढायची. आखूड केस गळतात, गुंता सुटतो, मुळं एका पातळीत येतात. आमच्याकडे कापलेला केस फळीतून न काढता खाली ठेवणं म्हणजे चपला घालून पलंगावर चढणं.

थोरली ब्रशनं खिळ्यांच्या बुडाशी घासत होती, आणि राखाडी पूड निघत होती.

“ही फळी आता सुटायला लागली,” ती म्हणाली. “खिळे हलतात. बुडाशी ओतलेलं शिसं झिजलंय बघ.”

मी आकडी खाली ठेवली. “काय ओतलेलं?”

“शिसं. जुन्या फळ्यांत ओततातच, खिळे धरून राहावेत म्हणून.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझा अहवाल माहीत होता, सगळ्याजणींना माहीत होता. “चिमटे. तू त्या पुडीतले केस फळीतून काढले नव्हतेस ना?”

काढले होते की. चार वेळा. मुळं एका पातळीत आणून, टोकं जुळवून, सुबक जुडी करून पाठवली होती. जगातल्या कुठल्याही आजारी बाईनं हे केलं नसतं. त्या प्रयोगशाळेत माझ्याइतकं नीटनेटकं शिसं कुणाचंच गेलं नसेल.

“हात दाखवून अवलक्षण,” थोरली म्हणाली, आणि हसली, आणि मग तिचं हसू उतरलं. कारण त्या फळीवर आम्ही आठजणी रोज हात टाकत होतो.

*

त्याच दिवशी तिनं फळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मालकाच्या टेबलावर ठेवली. “नवी येईपर्यंत एकही जुडी निघणार नाही,” असं सांगून ती खुर्चीत पाय पसरून बसली. मालक तिच्यापेक्षा वयानं लहान आहे आणि तिला घाबरतो. सोमवारी नवी फळी आली, पोलादाची, बुडाला काही न ओतलेली.

त्याआधी, फळी गुंडाळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोघींचं रक्त घेतलं, शिशासाठी. “केस म्हणजे दोरीवर वाळत घातलेला कपडा,” त्या म्हणाल्या. “त्यावरची धूळ अंगातून आली की रस्त्यावरून, हे कपडा सांगत नाही. आणि धुतलं तरी सगळी जात नाही.” मग माझी बोटं बघून म्हणाल्या, “गोळी कधी बंद केलीत?”

मी खरं सांगितलं.

“आजपासून सुरू करा.”

मी हो म्हटलं, आणि केली नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझ्या हातात आकडी राहत नव्हती, आणि तरी मी गोळी घेतली नाही, कारण गोळी घेतली की शिसं गेलं, आणि शिसं गेलं की उशाशी येणारा चहा गेला. बोटं सुजलेली चालली असती. खोटारडी ठरणं परत चाललं नसतं.

थोरलीनं हे माझ्या तोंडावरून वाचलं. तिनं कात्री काढली. “बस इकडे. वाक.” मानेजवळून एक जाड बट कापली, फळीच्या जवळही नेली नाही, उभे दोन सारखे भाग केले आणि दोन पुड्यांत भरले. एका लिफाफ्यावर माझं नाव, दुसऱ्यावर तिचं. तिच्या फॉर्ममध्ये तिनं वय अठ्ठावन्न लिहिलं, आणि ‘तक्रारी’ या रकान्यात ‘मालक’.

“आता बघू, केस काय सांगतो ते.”

*

अहवाल. माझं नाव. शिसं : हिरवं. पारा : लाल, धोक्याच्या वर. सल्ला : सहा महिने शुद्धीकरण.

अहवाल. थोरलीचं नाव, माझेच केस. शिसं : हिरवं. पारा : हिरवा. ॲल्युमिनियम : लाल, धोक्याच्या वर. सल्ला : सहा महिने शुद्धीकरण.

रक्त. मी. शिसं : काळजी करण्याइतकं नाही.

रक्त. थोरली. थोडं वाढलेलं. फळी बदललीत ते बरं केलंत, हात धुतल्याशिवाय खाऊ नका, तीन महिन्यांनी परत तपासू. थोरली म्हणाली, “म्हणजे शिसं निघालं ते माझ्यात. आणि मला साधी शिंक येत नाही.”

*

सलाईनच्या सोमवारी मी गेले. दादा बरोबर होता. सरांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“हे एकाच बटेचे आहेत,” मी म्हटलं. “एका डोक्याचे, एका दिवशी, एका कात्रीनं कापलेले.”

सरांनी कागद जवळ घेतले, लांब धरले. “नमुना घेताना काहीतरी चूक झाली असणार. घरी कापताना लोकांच्या चुका होतात.”

“एकवीस वर्षं मी केस कापते, धुते, विणते. चूक पहिल्या वेळेला झाली, ती मला माहीत आहे. या वेळेला नाही.”

“ताई, तुम्ही आमची परीक्षा घेतलीत हे बरोबर नाही. विश्वास असेल तरच उपचार लागू पडतात.”

“गोळीवर माझा विश्वास नव्हता,” मी म्हटलं. “तरी लागू पडत होती.”

दादा म्हणाला, “सर, आपण परत एकदा नमुना...”

“दादा, उठ.”

“अगं पण...”

“उठ. केसानं गळा कापला म्हणतात ना, तो माझा कापून झाला. तुझा उरलाय.”

जिन्यात रांग तशीच होती. एका मुलीनं विचारलं, “दुखतं का हो, सलाईन?” माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मी थांबले. दोन्ही कागद तिला दाखवले, कुठली बट, कशी कापली, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिचा कागद आणखी घट्ट धरला आणि म्हणाली, “पण मला घरात पहिल्यांदा खरं मानलंय हो.”

मी म्हटलं, “माहीत आहे.” आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता तिच्या कागदाच्या मागे लिहून दिला. ती घेईल, न घेईल.

*

घरी दादानं सांगितलं, वहिनीनं ऐकलं, आणि विचारलं, “म्हणजे शिसं नाही.”

“नाही.”

“मग काय आहे?”

“जे चार वर्षं सांगतेय ते.”

“पण त्याचा तर काही रिपोर्टच नाही, वन्सं.”

आला. सहा आठवड्यांनी परत आला तो शब्द. मला वाटलं होतं, ऐकला की मी कोसळेन. कोसळले नाही. उलट बरं वाटलं, जुन्या चपलेत पाय घातल्यासारखं.

“नाही रिपोर्ट,” मी म्हटलं. “येणारही नाही. तुला आत्ताच सांगून ठेवते वहिनी, म्हणजे वाट बघायला नको. मी आजारी आहे. नऊ वर्षं आहे. रक्त म्हणतंय नाही, केस म्हणतोय रोज वेगळं, आणि माझं बोट वाकत नाही. हातच्या काकणाला आरसा मी आता शोधणार नाही. तुला पटलं तर पटलं. नाही पटलं तर मी आजारी राहीन आणि तुला पटलेलं नसेल, एवढाच फरक.”

“मी कुठं म्हटलं की...”

“म्हटलंस. या घरात आल्यापासून चांगली सहा वर्षं म्हटलंस. चहा छान करतेस, ते पण खरं.”

दादा खाली बघत होता. “मी तुझ्यासाठीच केलं गं सगळं.”

“मला माहीत आहे. पण तू मला बरी करायला निघाला होतास की खरी करायला?”

तो बराच वेळ नखानं टेबलाची कड खरवडत बसला, खिडकीचा रंग खरवडला होता तसा. मग उठला, कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली, पाण्याचा पेला भरला आणि माझ्यासमोर ठेवला. पट्टीतून गोळी सुटेना, माझ्या बोटांना जमेना. तो हात पुढे करणार होता. मी दातांनी फोडली.

*

दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या. गोळीचा गुण परत यायला दोन महिने लागले. तोवर मी मालकाकडे गेले. आजवर मी मालकापासून आजार चोरून ठेवला होता, सुट्टी घेताना पोट दुखतंय असं सांगायचे, कारण पोटदुखी सगळ्यांना समजते.

“मला सांध्यांचा आजार आहे,” मी म्हटलं. “कायमचा आहे. दुपारनंतर हात चालत नाहीत. मी सकाळी दोन तास आधी येईन आणि दोनला जाईन. आणि मला उंच खुर्ची लागेल, मनगट टेकेल अशी.”

मालक म्हणाला, “काही सर्टिफिकेट वगैरे?”

डॉक्टरीणबाईंनी नक्की दिलं असतं. मागितलं की देतातही.

“नाही,” मी म्हटलं. “गाठी मोजून घे माझ्या. कमी भरल्या तर बोल.”

मागून थोरली म्हणाली, “आणि खुर्ची दोन आण. एक मला.”

वहिनी आता चहा आणत नाही. मी दोन्ही हातांनी पातेलं उचलून माझा मी करते, आणि सांडला तर सांडतो. परवा तिनं मला नुसतीच हाक मारली, नावानं.  रंगीत अहवाल तिन्ही फाडले नाहीत, जपूनही ठेवले नाहीत. दादानं त्यांच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करायला घेतली आहे.

दुखणं पहिल्यांदा आलं तेव्हा मी बसच्या मागे धावत होते. बस मिळाली होती.